पुणे, १८९७ : घरझडतीचा हिशेब

पुण्यात १३ मार्च १८९७ रोजी घरोघर झडत्या सुरू झाल्या आणि १९ मेला थांबल्या. या दोन महिन्यांत सुमारे २ लाख १८ हजार घरतपासण्या झाल्या. त्यांत प्लेगचे ३३८ रोगी सापडले आणि ६४ प्रेते. पुण्यात एवढी घरे नव्हतीच. म्हणजे तीच घरे पुन्हा पुन्हा उघडली गेली. भागाकार केला तर साधारण साडेपाचशे घरांच्या झडतीमागे एक रोगी किंवा एक प्रेत असे प्रमाण पडते.

आपल्याकडे ही गोष्ट रँडपासून सुरू होते आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर संपते. शाळेपासून आपण ती तशीच ऐकली. ती खोटी नाही. पण साथरोगाच्या अंगाने पाहायचे तर पिस्तुलापेक्षा वरचा भागाकार जास्त बोलका आहे. सक्ती आणि मोकळीक यांच्यात सरकारने कुठे थांबावे हा वाद आजही चालू आहे, आणि त्यात बहुतेक वेळा असे गृहीत धरलेले असते की जितकी सक्ती जास्त तितकी साथ आटोक्यात. फक्त लोकांना ती किती सोसेल एवढेच बघायचे. पुण्याचे प्रकरण या गृहीतकालाच सुरुंग लावते.

पेच खरा होता

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये या रोगाने हाहाकार उडवला होता आणि तिथेच येर्सिनने त्याचा जंतू शोधला होता. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. इथून प्लेग जहाजांवर चढला तर युरोपातली राष्ट्रे हिंदुस्थानचा माल बंदरात घेणार नाहीत, ही धास्ती लंडनपासून मुंबईपर्यंत होती. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती याच कारणाने. तेव्हा सरकार घाईला आले होते ते केवळ रयतेच्या काळजीने नव्हे. पण म्हणून रोग खोटा ठरत नाही. जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून पळाली, आणि आगगाडीने पुणे काही लांब नव्हते.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटतील ते उपाय योजता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कुणावर दावा चालणार नाही, असा त्याचा गाभा. उपाय कोणते, कुणाला विचारून, किती दिवस, चुकले तर दाद कुठे, याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

पुण्यात फेब्रुवारीत आलेला वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी. साताऱ्याकडे असताना वाईच्या वाजंत्री प्रकरणात, म्हणजे मशिदीसमोर वाद्ये वाजवण्याच्या वादात, त्याने प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडले होते, त्यामुळे पुण्याने त्याला आधीच ओळखले होते. पुणे प्लेग कमिटीत त्याच्यासोबत हाँगकाँगची साथ पाहिलेला लष्करी डॉक्टर बेव्हरिज आणि कर्नल फिलिप्स होते. पोलीस आणि कारकून लाच खाऊन रोगी लपवू देतील, गोरा शिपाई शिस्तीचा, तो तसे करणार नाही, असा हिशेब मांडून झडतीला पलटणी उतरवल्या. गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी-शिपाई या कामावर होते. आपले उपाय ब्रिटिश हिंदुस्थानात साथीविरुद्ध योजलेल्या उपायांपैकी कदाचित सर्वांत कडक होते, हे रँडने स्वतःच आपल्या अहवालात नोंदवले आहे. त्यात त्याला काही वावगे वाटले असे दिसत नाही.

काखेतली गाठ

प्लेगला तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांनी ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले होते. लोक म्हणत गाठ. ही गाठ येते जांघेत, काखेत, क्वचित मानेला. म्हणजे रोग ओळखायचा तर हात नेमका तिथे लावायचा, जिथे परक्याने लावू नये. हिवतापाची साथ असती तर कपाळाला हात लावून भागले असते. ही केवळ सोजिरांच्या उद्धटपणाची गोष्ट नव्हती. निदानाची रीतच अशी होती की ती कोण करतो, कुठे करतो, यावर सगळे अवलंबून होते. दाराआड, बाईने बाईची केलेली तपासणी आणि भर रस्त्यात सोजिराने केलेली तपासणी, यांत वैद्यकीय फरक शून्य. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा. पहिल्या प्रकाराने रोगी सापडतो, दुसऱ्या प्रकाराने रोगी माळ्यावर, कोठीच्या खोलीत, चुलत्याच्या गावाला पोचतो.

कमिटीच्या कागदांत सूचना चांगल्या होत्या. बायकांचा मान राखा, धर्मस्थळांत सांभाळून वागा, वगैरे. बायकांच्या अब्रूला धक्का लागल्याची विश्वासार्ह तक्रार आली नाही, असाही कमिटीचा दावा होता. इथे जरा थांबायला हवे, कारण ‘तक्रार आली नाही’ हे वाक्य आरोग्यखात्यांच्या अहवालांत आजही सर्रास भेटते.

तक्रारी येत होत्या. सरदार नातूंनी सोजिरांच्या वागणुकीबद्दल कमिटीकडे तक्रारी नेल्या. त्या झिडकारल्या गेल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळ आणि छावणीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहिले. रमाबाई आणि टिळकांचा गोट यांचे कधीच पटले नव्हते. बाई ख्रिस्ती, त्यांना सरकारद्वेष्टे म्हणणे अवघड. तरी गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारने त्यांचेही म्हणणे उडवून लावले. आणि गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याची गोष्ट त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव घेऊन पुढे यायला तयार होईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पुण्यात अनेक वर्षे त्याची बोलणी खाल्ली.

अत्याचार झाला की नाही हे त्या माफीवरून ठरत नाही. एवढेच ठरते की त्या वेळच्या पुण्यात कोणतीही गोष्ट नावानिशी सांगणे परवडत नव्हते. जून संपता संपता रँड प्रकरण घडले, आणि मग तर तक्रार नेणारे नातू बंधूच १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याविना कोंडले गेले.

बदल्यात काय

झडतीत रोगी सापडला तर त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना ‘सेग्रेगेशन कँपात’. घरातले सामान जाळायचे किंवा धुवून काढायचे, जमीन उकरायची, उजेड यावा म्हणून कौले काढायची, कार्बोलिक आणि चुना मारायचा.

इस्पितळात रोग्याला काय मिळत होते? औषध नव्हते. प्लेगवर चालणारी प्रतिजैविके यायला अजून जवळपास अर्धशतक लागायचे होते. गाठीच्या प्लेगात निम्म्याहून अधिक रोगी दगावत, मग तो घरी असो की इस्पितळात. म्हणजे सरकार रोग्याला सांगत होते, घर सोड, माणसे सोड, परजातीच्या हातचे पाणी पी, आणि बहुधा तिथेच मर. यात फायदा तुझा नाही, बाकीच्यांचा आहे. कुणालाही ही देवाणघेवाण पटणे कठीण. देवीची लस टोचताना हातावर जखम होई, पण त्या जखमेबदल्यात पोर वाचे. प्लेगच्या इस्पितळाकडे देण्यासारखे काही नव्हतेच, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने मागताना किती जपून मागावे, हा विचार कमिटीच्या खोलीत शिरलाच नाही.

लोक मुळात सहकार्य करणार नव्हते, अडाणी होते, असे उत्तर त्या वेळी दिले गेले. टिळकांची भूमिका पाहिली तर ते टिकत नाही. रोग्याला वेगळे ठेवायला त्यांचा विरोध नव्हता. हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात ते पुढे होते, शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ‘केसरी’तून कोरडे ओढले, आणि स्वतः पुण्यातच राहिले. त्यांचा आक्षेप होता रीतीवर. त्याच सुमारास हडपसरकडच्या माळावर दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांचे आजारी पोर त्यांनी पाठीवर टाकून आणले, त्यांनाही लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. पलटणी शहरात उतरल्या त्याच्या तीन दिवस आधी. शहरात रोग्याला हात लावणारी माणसे होती. रँडने ती शोधली नाहीत.

मुंबईने काय केले

मुंबई सरकारच्याच हद्दीत दुसरा प्रयोग चालू होता, आणि तो पुण्याच्या आधी तोंडघशी पडून शहाणा झाला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी सक्तीने इस्पितळात न्यायचा हुकूम काढला. महिना उलटायच्या आत गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. स्नोने हुकूम सैल केला, कारण शहर झाडणारे हलालखोर पळाले तर मुंबई प्लेगआधी घाणीने मरेल हे त्याला कळत होते. काही जण याला कच खाणे म्हणतील. मला तो त्या वर्षातला सर्वांत समजूतदार निर्णय वाटतो.

मार्चपासून मुंबईची कमिटी जनरल गॅटॅकरकडे गेली. गॅटॅकरही लष्करीच, झडत्या त्यानेही घेतल्या. पण जातवार, धर्मवार इस्पितळे काढायला त्याने मुभा दिली. आपले डॉक्टर, आपले आचारी, नातेवाइकांना जवळ बसायची सोय. खाटांचा हिशेब पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. रोग्याला मात्र दार उघडून बाहेर यायला तेवढेच कारण पुरत होते. हाफकीनने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस केली, १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. खोजांचे इमाम आगाखान तेव्हा विशीतले. त्यांनी लोकांसमक्ष टोचून घेतले आणि हाफकीनच्या कामासाठी आपली वास्तू दिली. खोजे टोचून घ्यायला रांगेत आले ते कायद्याने नव्हे.

मुंबईही निर्मळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात विणकरांच्या घरातल्या आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. जिथे रीत चुकली तिथे मुंबईतही तेच झाले.

विज्ञान नंतर आले

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. रँडची कमिटी त्या काळच्या वैद्यकाला धरूनच वागत होती. रोग माणसाकडून माणसाला, घाणीतून, हवेतून, कपड्यांतून जातो असा समज होता. त्या समजाप्रमाणे रोगी शोधणे, वेगळा करणे आणि घर धुणे हेच बरोबर. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंने पिसू पकडली. उंदीर मेला की गार पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि जवळच्या माणसाला चावतात. बहुतेकांनी त्याला हसून सोडून दिले. मुंबईत १९०५ नंतर पद्धतशीर प्रयोग झाले तेव्हा ते पक्के झाले.

म्हणजे मागे वळून पाहता, गाठीचा रोगी शेजाऱ्याला सहसा धोकादायक नव्हताच. फुप्फुसाच्या प्लेगाची गोष्ट निराळी, पण तो थोडा. धोका घरात होता, कौलांत आणि जमिनीखालच्या बिळांत. पिसवा वसलेल्या घरातून माणूस बाहेर काढणे हा उपाय खरा, आणि तो लोकांना कमिटीआधी सुचला होता. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालायच्या, रोग ओसरला की परतायचे. जुन्या पिढीच्या तोंडी ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग असाच कालमापनासारखा येत असे. अमक्याचे लग्न उंदीर पडले त्या साली झाले. घरातून माणूस हलवणारे ‘सेग्रेगेशन’ आणि माळावरची झोपडी, जीवशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. एकापासून लोक पळत होते, दुसरीकडे स्वतः जात होते.

रँडला हे माहीत नव्हते याचा दोष मी त्याला देणार नाही. दोष आहे तो खात्रीचा. ज्ञान अर्धे असताना सक्ती पुरी करायची, हा तोल ढळलेलाच असतो. उपाय मागे घेता येतील असे ठेवावे, थोड्या ठिकाणी करून पाहावेत, दर आठवड्याला आकडे पाहून बदलावेत, एवढे त्या काळच्या माणसालाही जमण्यासारखे होते. साडेपाचशे झडत्यांमागे एक, हा आकडा कमिटीच्या स्वतःच्या वहीत होता. झडतीच्या धाकाने लोक स्वतःहून रोगी पुढे आणतील, असे तिच्या बाजूने म्हणता येईल. तसे झाले असते तर ६४ प्रेते घरांत सापडली नसती. प्रेत लपवणारे कुटुंब रोगाला जितके भ्यायले नव्हते तितके झडतीला भ्यायले होते. साथीत सरकारला सर्वांत जास्त गरज असते बातमीची. कुठे उंदीर पडले, कुणाला ताप आला, कोण कुठे गेले. ती बातमी घराच्या आतल्या माणसाकडेच असते, आणि त्या माणसानेच तोंड बंद केले होते.

मेमध्ये रोग ओसरला आणि कमिटीने यशाचे श्रेय घेतले. दख्खनच्या कडक उन्हाळ्यात प्लेग तसाही मंदावतो, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. पावसाळ्यात तो पुण्यात परत आला, पहिल्यापेक्षा मोठा होऊन. तोवर २२ जूनची रात्र होऊन गेली होती. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या मेजवानीहून परतताना चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांना गाठले. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदर चापेकर एप्रिल १८९८ मध्ये फासावर गेले, त्यांचे दोघे भाऊ आणि साथीदार रानडे १८९९ च्या मे महिन्यात. शिक्षांचा हिशेब एवढा चोख, पण कमिटीच्या कामाचा जाहीर झाडा कधीच झाला नाही.

मग धोरण वळले

वळले ते गुपचूप. माफी मागून आलेले गोखले पुण्याच्या दुसऱ्या साथीत स्वयंसेवक म्हणून घरोघर फिरले, आणि त्यांच्या कामाची सरकारदरबारी तारीफ झाली. शहरातला ओळखीचा माणूस सोबत असला की दार उघडते, ही साधी गोष्ट सरकारने वर्षभराने शिकली. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने १८९८-९९ मध्ये देशभर साक्षी घेतल्या. त्यानंतर सक्तीच्या झडत्या मागे पडत गेल्या; घरे रिकामी करणे, ऐच्छिक टोचणी आणि स्थानिक पुढाऱ्यांची मदत यांवर भर आला. टोचणी ऐच्छिक ठेवणे शहाणपणाचेच ठरले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या दूषित लशीने १९ जण धनुर्वाताने दगावले. सक्तीने टोचताना हे घडले असते तर लशीचे नाव पुढे कुणी काढले नसते.

सैल धोरणाने प्लेग थांबला, असे मात्र म्हणता येत नाही. १९०४ आणि १९०७ ही तर देशभरात सर्वांत वाईट वर्षे ठरली. प्लेगला ना सक्तीने रोखले ना मवाळीने. उंदीर, पिसू आणि घरांची बांधणी हाताळायला जे लागते ते कुणाकडेच नव्हते. मवाळ धोरणाच्या बाजूने एवढेच बोलता येते की त्यात कमी माणसे लपली आणि जास्त माणसे टोचून घ्यायला आली. मला ते पुरेसे वाटते. कुणाला नाही वाटणार.

कायदा तसाच राहिला. १३ मार्च २०२० ला करोनासाठी महाराष्ट्रात तो लागू केल्याची घोषणा झाली, पुण्यात झडत्या सुरू झाल्या त्याला त्याच दिवशी १२३ वर्षे होत होती. योगायोगच, पण अंगावर येणारा. काही दिवसांत परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले, आणि शिक्का दिसला म्हणून लोकांनी प्रवाशांना गाडीतून उतरवले. त्याच वर्षी केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची. ती हवीच होती. २०२४ मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा सविस्तर आढावा घेऊन तो आजच्या गरजांना अपुरा असल्याचे सांगितले. सद्‌हेतूचे चौथे कलम जागेवर आहे. नातूंनी तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची होती, ते सांगणारे पाचवे कलम अजून कुणी लिहिलेले नाही.